पुढील आदेशापर्यंत : ठाण्यातील एका गल्लीची वाहनबंदी

या टिपणातील गल्ली, शाळा, दुकाने, कार्यालये आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत. मी त्या गल्लीत राहत नाही. पायी चालणाऱ्यांच्या सोयीसाठी ठाण्यात काम करणाऱ्या एका लहानशा नागरिक गटात मी आहे. बंदीच्या प्रस्तावाला आमच्या गटाने पाठिंबा दिला होता आणि पुढे बैठकांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी बंदीच्या बाजूचा होतो आणि आजही आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचकाने पुढील मजकूर वाचावा.

पार्श्वभूमी

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेचा जुना भाग मोटारींच्या आधी वसलेला आहे. १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच आली होती. स्थानक, जांभळी नाक्याचा बाजार आणि तलावपाळी यांच्या आसपास जी वस्ती आहे, तिच्या गल्ल्या माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाच्या आहेत. लोकलमधून उतरलेला माणूस, त्याला न्यायला आलेली रिक्षा, दुकानात माल उतरवणारा टेम्पो आणि शाळेतून सुटलेले मूल या चौघांना आज तेथे एकाच वेळी एकच जागा हवी असते.

प्रकरणातील गल्ली स्थानकाकडून येणाऱ्या रस्त्याला पलीकडच्या मोठ्या रस्त्याशी जोडते. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला दुकानाच्या पायरीला चिकटून उभे राहावे लागते, इतकीच तिची रुंदी. एका टोकाला प्राथमिक शाळा, मधे पिठाची गिरणी, किराणा, औषधांचे दुकान, वह्या-पुस्तकांचे दुकान, चार जुन्या इमारती आणि पुनर्विकासात उभे राहिलेले दोन टॉवर. पुढचा सिग्नल टाळण्यासाठी रिक्षा आणि मोटारी या गल्लीत शिरतात. त्यांतील बहुतेकांचे गल्लीत काहीच काम नसते. एका सकाळी शाळेच्या फाटकापाशी मागे येणाऱ्या मोटारीचे चाक दुसरीतल्या एका मुलीच्या पायावरून गेले. हाड जुळले, मुलगी पुन्हा चालू लागली, पण पालकांनी अर्ज केला आणि आम्ही त्याला पत्र जोडले. सकाळी ७ ते ११ आणि सायंकाळी ५ ते ९ या वेळात गल्लीतून आरपार जाणाऱ्या रिक्षा व चारचाकींना ३० दिवसांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर, बंदी करण्याचे ठरले. रहिवाशांच्या वाहनांना ओळखपत्र दाखवून प्रवेश मिळणार होता.

अशा बंदीला आधार मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११५ चा असतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा अधिक काळाचा नसेल तर राजपत्रात अधिसूचना छापण्याची गरज नसते. मात्र परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी देणे आवश्यक असते. कायद्याने राजपत्राऐवजी मागितलेली ही एकच गोष्ट आहे, आणि या प्रकरणात नेमकी तीच कच्ची राहिली.

बंदीच्या आधीची एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात, करोनाच्या साथीत, ही गल्ली प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद झाली होती. आधी बांबू बांधले गेले, नंतर दोन्ही तोंडांशी पत्रे ठोकले गेले. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जावे लागे. रिक्षा आत येऊ शकत नव्हती. त्यांचा मुलगा आणि गिरणीवाला मिळून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेत आणि पत्र्याची एक कड वाकवून केलेल्या फटीतून खुर्ची तिरकी करून बाहेर काढत. गल्लीतला शेवटचा रुग्ण बरा झाल्यावरही पत्रे बरेच दिवस तसेच राहिले. विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेजारच्या रस्त्यावर एका वजनदार माणसाच्या इमारतीसमोरचे पत्रे मात्र दोन दिवसांत निघाल्याचे सगळ्यांनी पाहिले होते. शाळेच्या भिंतीवर ते पत्रे ज्या तारेने बांधले होते तिचा एक तुकडा, गंजलेला, अजून खिळ्याला लटकतो आहे.

अडचण

बंदीचा फ्लेक्स शुक्रवारी संध्याकाळी लागला आणि सोमवारी सकाळी लोखंडी बॅरिकेड आले. फ्लेक्सवर ३० दिवसांचा उल्लेख नव्हता. "पुढील आदेशापर्यंत" असे होते. त्याखाली "अत्यावश्यक सेवा वगळून" आणि "रहिवाशांनी ओळखपत्र जवळ बाळगावे" अशा दोन ओळी होत्या. ज्याने मजकूर लिहिला त्याने नेहमीच्या नमुन्यातून तो उचलला असणार. त्यात वाईट हेतू मला दिसत नाही. पण हे तीनही वाक्प्रचार त्या गल्लीने एकत्र कधी वाचले होते, याचा विचार कोणी केला नाही, आम्हीही केला नाही.

शनिवारी कोणीतरी मूळ अधिसूचनेचे छायाचित्र रहिवाशांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. ठाण्यातील वाहतूक अधिसूचनांच्या शेवटी एक ठरावीक परिच्छेद असतो: पोलीस वाहने, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, ग्रीन कॉरिडॉर, ऑक्सिजन गॅसची वाहने आणि इतर अत्यावश्यक सेवेतील वाहनांना ही बंदी लागू नाही. "ऑक्सिजन" या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. त्याच रात्री दुसरा संदेश आला. त्यात इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या मोर्चाची चित्रफीत होती आणि मराठीत लिहिले होते की तिकडे माणसाला घरापासून १५ मिनिटांच्या पलीकडे जायला परवाना लागणार आहे, आणि ठाण्यात त्याची सुरुवात आपल्या गल्लीपासून होते आहे. रविवारी टॉवरपासून चाळीपर्यंत सगळीकडे एकच वाक्य होते: "पुन्हा कोंडतायत."

ऑक्सफर्डची खरी हकीकत वेगळी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथील काउंटी कौन्सिलने नोव्हेंबर २०२२ मध्ये सहा रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या साहाय्याने मोटारींची आरपार वाहतूक अडवण्याचा प्रयोग मंजूर केला. शहरातील रहिवाशांना वर्षातील १०० दिवस त्या ठिकाणांहून मोटार नेण्याचा परवाना मिळणार होता. शहराच्या सिटी कौन्सिलच्या विकास आराखड्यात, अगदी स्वतंत्रपणे, रोजच्या गरजेच्या गोष्टी घरापासून १५ मिनिटांच्या चालीत असाव्यात अशी कल्पना होती; ही कल्पना पॅरिसमधील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांच्या मांडणीतून प्रसिद्ध झाली. दोन संस्थांच्या दोन कागदांची गाठ लोकांच्या मनात पडली आणि तिला "हवामानाची टाळेबंदी", म्हणजे हवामानबदलाचे कारण सांगून लोकांना कोंडणे, असे नाव मिळाले. दोन्ही कौन्सिलांनी डिसेंबरमध्ये संयुक्त खुलासा काढला, तरी १८ फेब्रुवारी २०२३ रोजी हजारो लोक रस्त्यावर आले. ही गाठ अगदीच हवेतून पडली नव्हती. ब्रिटनमध्ये अनेक शहरांतील गल्ल्या मोटारींना बंद झाल्या त्या २०२० च्या उन्हाळ्यातच, महासाथीसाठी सरकारने दिलेल्या तातडीच्या निधीतून, आणि अनेक ठिकाणी लोकांचे म्हणणे नंतर विचारले गेले. घरात बसायला सांगणारा आदेश आणि मोटारी अडवायला गल्लीच्या तोंडाशी आलेली लाकडी कुंडी एकाच ऋतूत आली, तर माणूस दोन्ही एकाच हाताची कामे समजतो.

सोमवारी आलेले बॅरिकेड त्याच दिवशी उचलून बाजूला ठेवलेले आढळले. मंगळवारी तेथे उभ्या असलेल्या वाहतूक वॉर्डनशी बाचाबाची झाली. ओळखपत्र मागितल्यावर एका काकूंनी आधार कार्ड काढले आणि त्या रडू लागल्या. वॉर्डन विशीतला मुलगा होता. त्याला काय करावे कळेना, त्याने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवले.

पहिला निर्णय, जो चुकला

रविवारी रात्री आमच्यापुढे प्रश्न होता: संदेशाला उत्तर द्यायचे की नाही. मी म्हणालो, द्यायचे आणि ताबडतोब द्यायचे. मी एक खुलासा लिहिला. त्याचे शीर्षक "अफवांवर विश्वास ठेवू नका" असे होते. त्यात ऑक्सफर्डची वस्तुस्थिती होती, कलम ११५ होते, अपघाताचा उल्लेख होता, आणि बंदीचा महासाथीशी काहीही संबंध नाही असे ठामपणे म्हटले होते. एकूणएक विधान खरे होते.

पहिले उत्तर आले ते डायलिसिसच्या गृहस्थांच्या मुलाचे. त्याने लिहिले: "माझे वडील खुर्चीतून गेले ती अफवा होती का?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

त्याने मला जे दाखवले ते मी वर्षभर सामाजिक काम करूनही पाहिले नव्हते. फिरता संदेश खोटा होता, पण तो ज्या आठवणीवर बसला होता ती खरी होती. मी संदेशाला खोटे म्हटले तेव्हा त्यांना ऐकू आले की आठवण खोटी आहे. शिवाय "काहीही संबंध नाही" हे माझे विधान कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले तरी त्यांच्या अनुभवाच्या दृष्टीने चूक होते. तेच बॅरिकेड, तोच नमुन्याचा मजकूर, ओळखपत्र तपासणारा तसाच मुलगा, संबंध होताच.

पर्याय

मंगळवारी संध्याकाळी संबंधित कार्यालयात बसून आम्ही काय करता येईल याचा विचार केला. सर्वांत सोपा मार्ग बंदोबस्त वाढवण्याचा होता. कागद पक्के होते, मुदत ३० दिवसांचीच होती, आणि लोकांना सवय होते असा एका अधिकाऱ्यांचा अनुभव होता. सवय होते हे खरे आहे. घोडबंदर रस्त्यावरील अवजड वाहनांच्या वेळा असोत की सम-विषम तारखांचे पार्किंग असो, ठाणेकर कुरकुरत का होईना, पाळतात. पण बंदोबस्ताने त्या काकूंना पुन्हा एकदा कार्ड काढायला लावले असते.

दुसरा मार्ग बंदी मागे घेण्याचा. शाळेच्या मुख्याध्यापिका येथे आग्रहाने बोलल्या. पाय चिरडलेली मुलगी त्यांच्या शाळेतली होती, आणि पुढच्या वेळी पायाऐवजी डोके असेल असे त्या म्हणाल्या, तेव्हा खोलीत कोणी काही बोलले नाही. रहिवाशांच्या वाहनांवर स्टिकर लावावे, म्हणजे रोज ओळखपत्र विचारावे लागणार नाही, असेही सुचवण्यात आले. त्यावर एका हवालदारांनी एप्रिल २०२१ ची आठवण दिली: मुंबईत वाहनांवर लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावण्याचा नियम आला होता आणि कोण कोणत्या रंगाचा यावरून इतका गोंधळ झाला की आठवड्याभरात तो मागे घ्यावा लागला. स्टिकरचा विषय तेथेच संपला.

चौथा मार्ग मुख्याध्यापिकांनीच काढला. बंदी चार दिवस थांबवावी, शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलवावे आणि वाहतुकीवर बोलण्याआधी २०२० वर बोलू द्यावे. मला हे पटले नाही, हे मी येथे नमूद करतो. जुन्या जखमा उकरल्या तर मूळ विषय बाजूला राहील अशी मला भीती होती, आणि ज्या कार्यालयाचा पत्र्यांशी काही संबंध नव्हता त्याने ते का ऐकून घ्यावे, असाही प्रश्न होता. अधिकारी तयार झाले ते एका अटीवर: कोणी त्यांच्याकडून तेव्हाच्या निर्णयांचे समर्थन किंवा माफी मागू नये. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "साहेब, तुम्ही फक्त वही घेऊन बसा."

बैठक

शनिवारी दुपारी सभागृहातील लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे गुडघे दुमडून बसली होती. पहिला तास अधिकाऱ्यांनी आणि आम्ही बोलायचे नाही असे ठरले होते.

वह्या-पुस्तकांच्या दुकानदारांनी जून २०२० पासून बोलायला सुरुवात केली. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याच्या "मिशन बिगिन अगेन"मध्ये दुकाने पी-१, पी-२ पद्धतीने उघडायची होती: एका दिवशी रस्त्याच्या या बाजूची, दुसऱ्या दिवशी त्या बाजूची. पार्किंगचा शब्द दुकानांना लागला. "रोगाला बाजू असते का, एवढंच मला विचारायचं होतं. कोणी सांगितलं असतं की अर्धी दुकानं म्हणजे अर्धी गर्दी, तर मी समजलो असतो. मला फक्त बोर्ड मिळाला." मुदतींबद्दल त्यांनी तारखा पाठ म्हणून दाखवल्या: २५ मार्चपासून २१ दिवस, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे, आणि सगळे उघडते आहे असे वाटत असताना २ जुलैपासून ठाण्यात पुन्हा दहा दिवस, तेही पुढे १९ जुलैपर्यंत वाढलेले. "म्हणून ३० दिवस असं लिहिलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता," ते म्हणाले. ही गोष्ट आमच्या आराखड्यात कोठेही नव्हती.

घरकाम करणाऱ्या एका ताईंनी लोकलच्या पासाची हकीकत सांगितली. १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकलचा प्रवास खुला झाला तो लसीची दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना. त्यांचे वय तेव्हा अडतीस. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण राज्यात मे महिन्यात लस पुरत नसल्याने थांबले होते. त्यांना पहिली मात्रा जूनच्या शेवटी मिळाली आणि कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. म्हणजे सप्टेंबर संपेपर्यंत त्या मुलुंडला कामावर लोकलने जाऊच शकत नव्हत्या, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काहीही दोष नव्हता. "लस नको असं मी कधी म्हटलंच नाही," हे त्या तीनदा म्हणाल्या. पुढे २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवले, पण कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही आणि त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत असे म्हटले. त्या ताईंसारख्यांना, ज्यांना लस हवी होती पण मिळत नव्हती, त्या निकालाने काही परत मिळाले नाही.

सगळेच एका सुरात बोलले असे नाही. औषधांच्या दुकानाशेजारी राहणाऱ्या एका बाईंचे पती दुसऱ्या लाटेत, ऑक्सिजनची खाट मिळायला उशीर झाल्याने गेले. त्या उभ्या राहिल्या तेव्हा सभागृह शांत झाले. त्या म्हणाल्या, "नियम हवेच होते. तेव्हा लग्नं झाली, हळदी झाल्या, आणि खाटा संपल्या. मला नियमांचा राग नाही. नियम लावून गेला तो माणूस परत बघायला आला नाही, त्याचा राग आहे." माझ्या मते त्या दिवशीचे सर्वांत नेमके विधान तेच होते. साथीचे निर्बंध चुकीचे होते असे मी मानत नाही. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ज्यांनी स्मशानाबाहेरच्या रांगा पाहिल्या त्यांना तसे म्हणवणार नाही. पण निर्बंध बरोबर असणे आणि तो लावण्याची रीत माणसाला सोसणारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे हा धडा नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगार चालून गेले होते, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी वदंता होती. पुण्यात घरझडत्यांचा जो संताप साठला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झालेल्या जीवघेण्या गोळीबारात झाला, हे मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने जो साथरोग कायदा लागू केला तो त्याच १८९७ सालचा. प्लेग खरा होता, जंतू खरा होता, आणि तरीही लोकांच्या लक्षात राहिला तो उंबरठा ओलांडून आलेला बूट.

बैठकीतील कलाटणीचा क्षण आधी ठरवलेला नव्हता. डायलिसिसच्या गृहस्थांच्या मुलाने फक्त एक प्रश्न विचारला: तेव्हा पत्रे काढण्याचा अधिकार कोणाकडे होता? अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे नाही असे ठरले होते, पण त्यांच्यातील सर्वांत कनिष्ठ गृहस्थ बोलले. ते त्या काळात दुसऱ्याच विभागात कामाला होते. "खरं सांगू का, आमच्या भागातले पत्रे कोणी काढायचे हे आम्हालाही माहीत नव्हतं. लावायचा आदेश यायचा. काढायचा यायचा नाही." त्यांनी माफी मागितली नाही आणि कोणी ती मागितलीही नाही. पण त्यानंतर लोक वाहतुकीबद्दल बोलू लागले.

केलेली कार्यवाही

पुढचा महत्त्वाचा निर्णय ओळखपत्रांचा होता, आणि तो रहिवाशांच्या एका साध्या प्रश्नातून सुटला. गिरणीवाल्याने विचारले, "आरपार जाणारे नकोत ना? मग मधेच अडवा. तोंडाशी कशाला?" गल्लीच्या दोन्ही तोंडांशी बॅरिकेड लावले की आत येणारा कोण हे तपासावे लागते. तेच गल्लीच्या मध्यावर लावले तर कोणीही, कोणत्याही बाजूने, कोणालाही न विचारता आत येऊ शकतो. फक्त पलीकडे निघू शकत नाही. म्हणजे जो गल्लीत कामासाठी येतो त्याला बंदी जाणवतही नाही आणि जो सिग्नल टाळायला येतो त्याला येण्यात फायदा उरत नाही. आम्ही नकाशे घेऊन बसणाऱ्यांनी हे आधी सुचवायला हवे होते. आम्हाला ठाऊकही होते, पण मध्यावर वाहन वळवायला जागा लागते आणि त्यासाठी पार्किंगच्या दोन जागा सोडाव्या लागतात, म्हणून आम्ही तो पर्याय "अवघड" म्हणून बाजूला ठेवला होता. गल्लीने त्या दोन जागा अर्ध्या तासात सोडल्या. ज्यांच्या मोटारी तेथे उभ्या असत त्यांतील एकाने पुढे बरीच कटकट केली, ती गोष्ट वेगळी.

मध्यावर तीन काढता-घालता येणारे लोखंडी खांब बसवले. त्यांची एक किल्ली शाळेच्या शिपायाकडे आणि एक रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या औषधांच्या दुकानात ठेवली. अग्निशमनची गाडी येऊन, खांब काढून, आरपार जाऊन दाखवते का याची चाचणी सगळ्यांसमोर घेतली. पहिल्या वेळी कुलूप अडकले. गिरणीवाल्याने तेल आणून दिले. दुसऱ्या वेळी उघडले.

फलक बदलला. त्याचा मजकूर दुकानदारांनी आणि मुख्याध्यापिकांनी मिळून लिहिला. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, कारण एका वाक्यात, आणि "या तारखेला नवा निर्णय लेखी लागला नाही तर खांब काढले जातील" अशी ओळ. त्याखाली खांब काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते पदनाम आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. "पुढील आदेशापर्यंत" हे शब्द नकोत असा ठराव इतिवृत्तात एकमताने नोंदवला गेला. कार्यालयाला ती शेवटची ओळ जड गेली, कारण मुदतीच्या दिवशी संबंधित माणूस रजेवर असेल तर बंदी आपोआप उठणार होती. लोकांना नेमके तेच हवे होते: प्रशासनाने काही केले नाही तर मोकळीक मिळावी. २०२० मध्ये काही न केल्याचा अर्थ पत्रे तसेच राहणे असा झाला होता.

परिणाम

खांबांच्या ३० दिवसांत बॅरिकेडसारखी उचलाउचल एकदाही झाली नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी गल्लीतून जाणाऱ्या वाहनांची मोजणी पालक आणि दुकानदार यांनी जोडीने केली, म्हणजे एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. त्यामुळे आकड्यांवर वाद झाला नाही. सकाळची घट सर्वांना डोळ्यांनी दिसत होती. मुदत संपण्याच्या आठवड्यात दुसरी बैठक झाली आणि सकाळची बंदी कायम ठेवण्याची शिफारस झाली.

संध्याकाळची बंदी मात्र गेली. दुकानदारांचे म्हणणे पडले की संध्याकाळचे गिऱ्हाईक रिक्षातून उतरते आणि रिक्षा वळायला कुरकुरते. मला हा निर्णय मान्य नाही. स्थानकातून घरी परतणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसे याच वेळी गल्लीतून चालतात, आणि त्यांची बाजू बैठकीत मांडायला कोणी नव्हते, कारण त्या वेळी ती लोकलमध्ये होती. बैठक संध्याकाळी उशिरा घ्यायला हवी होती.

डायलिसिसच्या गृहस्थांचा मुलगा दुसऱ्या बैठकीलाही आला. मुदतवाढीच्या अर्जावर सह्या घेताना मी त्याच्यापाशी गेलो. तो म्हणाला, "माझा विरोध नाही. पण सही मागू नका." मी मागितली नाही. ऑक्सफर्डचा संदेश पुढे काही दिवसांनी दुसऱ्या एका सोसायटीच्या गटावर, नव्या मजकुरासह, फिरत असल्याचे कळले.

वेगळे काय करता आले असते

फ्लेक्स लावण्याआधी गल्लीतल्या दोन माणसांना तो वाचून दाखवला असता तर पुष्कळ काही टळले असते. ज्या भागात निर्बंध लावायचा तेथे २०२० मध्ये काय घडले होते ही चौकशी वाहतुकीच्या पाहणीइतकीच आधी व्हायला हवी. ठाण्यात अशी गल्ली सापडणार नाही जिच्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

माझा खुलासा मी आज वेगळा लिहीन. शीर्षकात अफवेचे नाव घेणार नाही. पहिल्या वाक्यात शेवटची तारीख देईन, दुसऱ्यात मागच्या वेळी पत्रे वेळेवर निघाले नव्हते हे मान्य करीन, आणि ऑक्सफर्डबद्दल कोणी विचारले तरच बोलेन.

सर्वांत मोठी चूक मात्र आम्हा सगळ्यांची मिळून झाली. रिक्षावाल्यांना दोन्ही बैठकांना बोलावलेच नाही. आम्ही त्यांना अडचणीचा भाग समजलो. त्यांचा शेअर रिक्षांचा थांबा गल्लीच्या स्थानकाकडील तोंडाशी होता, आणि वळणाऱ्या वाहनांसाठी तो पन्नासेक पावले पुढे सरकवला गेला, जेथे पावसात उभे राहायला आडोसा नाही. टाळेबंदीत त्यांची चाके महिनोन्‌महिने थांबली होती, आणि चाके सुरू असताना याच थांब्यावरच्या काहींनी रुग्णांना नेले होते. त्या गृहस्थांची खुर्ची पत्र्याच्या फटीतून बाहेर आली की पलीकडे उभी असे ती यांच्यापैकीच एकाची रिक्षा. दुसऱ्या बैठकीनंतर त्यांच्यातील तिघे जण अर्ज घेऊन मुख्याध्यापिकांकडे आले. थांब्यावर शेड हवी आणि फलकावर थांब्याच्या नव्या जागेची मुदतही लिहावी, एवढीच त्यांची मागणी आहे. मुदत लिहिली गेली. शेडचा अर्ज अजून प्रलंबित आहे, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला घेतला आहे.